भविष्याच्या भीतीवर अक्षरांचा उतारा

पत्ते मांडून मृतात्म्यांचा कौल सांगण्याची टूम नवी वाटली, तरी उद्याच्या भीतीवर चालणारा व्यवसाय फार जुना आहे. भीमाकाठच्या कोरेगाव भीमासारख्या गावांच्या गावगाड्यात जोशी हा बलुतेदार असे. लग्नाचा मुहूर्त त्याच्या पंचांगावाचून ठरत नसे. या सत्तेला आव्हान दिले ते महात्मा जोतीराव फुले यांनी.

१८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. १८४१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढे १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यातील जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहपीडेचे भय घालतो. पोटातल्या जिवाच्या काळजीने ते गरीब जोडपे ऋण काढून ग्रहशांती व ब्राह्मणभोजन घालते. अखेर फसवणूक उमगते, तेव्हा दोघेही फुले दांपत्याच्या रात्रशाळेत शिकण्याचा निश्चय करतात. जोतीरावांच्या मते भयाचे मूळ अज्ञानात होते आणि त्यावरचा उपाय विद्या हाच होता.

दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. जोतीराव मात्र थांबले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीवाचून विवाह लावण्याची रीत घालून दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. 'तृतीय रत्न' छापून वाचकांच्या हाती पडले ते त्यानंतर तब्बल ८९ वर्षांनी, १९७९ मध्ये.