महूचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण

आपल्या हातोदहून महू काही फार लांब नाही. तेथेच १९३३ साली शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. १९४७ मध्ये ते बँडपथकातून सैन्यात शिरले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत कॅप्टनपदापर्यंत पोहोचले.

हॉकीत ते गोलरक्षक. १९५६, १९६० व १९६४ या तिन्ही ऑलिंपिकचे अंतिम सामने पाकिस्तानशीच झाले. तिन्हींत मिळून त्यांच्यावर गोल झाला फक्त एक, रोमला. तेथे रौप्य, बाकी दोन्हीकडे सुवर्ण. आणि तेव्हा डोक्याला हेल्मेटही नसे! १९६६ च्या आशियाई सुवर्णाच्या वेळी तेच कर्णधार होते.

१९६८ च्या ऑलिंपिक संघात मात्र त्यांना घेतले नाही. त्यांनी हॉकीच सोडली. निवृत्तीनंतर ते महूलाच राहिले. अखेरीस पायाला गँगरीन झाले, उपचारांना पैसा पुरेना. २९ एप्रिल २००६ रोजी ते गेले. इतक्या जवळ असून आम्ही त्यांना कधी शाळेत बोलावले नाही.