पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर आणि महेश्वरचे माग

कळमनुरी, हिंगोली भागातील भाविक औंढ्यास श्री नागनाथाच्या दर्शनास जातो तेव्हा एक गोष्ट त्याच्या सहज नजरेस पडते. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा, हत्ती-घोडे आणि देवदेवतांच्या मूर्तींनी भरलेला, प्राचीन; आणि वरचे शिखर मात्र पांढरे, चुनेगच्चीचे, पुष्कळ अलीकडच्या घडणीचे. मोगलाईत भंगलेल्या या देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. परळीचा वैजनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, सोरटी सोमनाथ, काशीचा विश्वेश्वर, गयेचे विष्णुपद, इतक्या ठिकाणी या माउलीचा हात लागलेला आहे. परंतु देवळे बांधणाऱ्या अहिल्याबाई जितक्या लोकांना माहीत आहेत, तितक्या एक ओस पडत चाललेले जुने गाव पोटापाण्याला लावणाऱ्या अहिल्याबाई माहीत नाहीत. त्या गावाचे नाव महेश्वर.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेडजवळच्या चौंडी या खेड्यात झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. चौंडी हे मराठवाड्याच्या अगदी उंबरठ्यावरचे गाव, म्हणजे त्या आपल्याच बाजूच्या लेक म्हणावयास हरकत नाही. १७३३ च्या सुमारास मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे मल्हारराव मोठे पारखी. सुनेला त्यांनी लिहिण्यावाचण्यात, हिशेबात आणि राज्यकारभारात मुरवले. स्वारीवर असताना तोफा, दारूगोळा, बैल यांच्या तजविजीबद्दल ते तिला पत्रे पाठवीत. पाटलाच्या घरी गावगाडा पाहिलेली मुलगी सासरी राज्याचा गाडा पाहू लागली.

पुढे दुःखे एकामागून एक आली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परोपरीने विनवून मागे फिरवले. १७६६ साली मल्हारराव गेले, आणि वर्ष उलटते न उलटते तोच पुत्र मालेरावही गेला. दौलत निर्नायकी झाली असे समजून गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांस पुढे घातले; पण अहिल्याबाई डगमगल्या नाहीत, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचाच हक्क मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे आणि मुलखाचा कारभार बाईंकडे अशी वाटणी झाली. ही हकिगत शाळेच्या पुस्तकांतून आलेली असल्यामुळे येथे फार वाढवण्याचे कारण नाही.

राज्याची सूत्रे हाती आल्यावर बाईंनी राहण्यास नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर निवडले. पुराणातील माहिष्मती ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. क्षेत्र जुने, पण बाईंच्या आधी त्याचे वैभव मावळलेले होते. विधवा स्त्रीने नर्मदेकाठी देवधर्म करीत राहावे म्हणून ही जागा घेतली, असे पुष्कळांस वाटते, आणि ते खोटे नाही. परंतु जेथे दरबार बसतो तेथे शेकडो माणसे गोळा होतात, आणि ती सर्व दरबाराच्या ताटावर जगतात. दरबार उठला की गाव उठते. उत्तर हिंदुस्थानात आणि दक्षिणेत अशी गावे थोडी नाहीत. नुसता वाडा आणि घाट बांधून महेश्वर जगणार नव्हते. गावाला स्वतःचा धंदा पाहिजे होता.

तो धंदा बाईंनी कापडात पाहिला. निमाड हा कापसाचा मुलूख. नर्मदेचे पाणी बारमाही, धुण्या-रंगवण्याच्या कामास सोयीचे. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू गावावरून जाणार, म्हणजे गिऱ्हाईकही दाराशी. उणीव होती ती कारागिरांची. बाईंनी सुरत, बुऱ्हाणपूर, मांडू अशा ठिकाणांहून विणकर बोलावून त्यांना महेश्वरात वसवले, असे परंपरा सांगते. त्यांत कोष्टी होते तसे मोमीनही होते. शिवाचे नाव घेतल्याशिवाय अन्नाला न शिवणाऱ्या बाईंनी मागावर बसणाऱ्याची जात आणि धर्म पाहिला नाही, हात पाहिला.

नव्याने आलेल्या कारागिराला पहिल्या दिवशी बाजार मिळत नसतो. माल तयार होतो, पण नाव झालेले नसते. येथे बाईंनी दरबारालाच पहिले गिऱ्हाईक केले. महेश्वरास येणाऱ्या पाहुण्यांस, वकिलांस, नातेवाइकांस जो आहेर द्यावयाचा तो गावच्या मागावरचाच: पुरुषांस पागोटे, बायकांस नऊवारी लुगडे. पुण्यापासून उत्तरेकडील दरबारांपर्यंत जेथे जेथे तो आहेर गेला, तेथे तेथे महेश्वरचे नाव गेले. आहेराचा खर्च तर कोणताही दरबार करतोच. तोच पैसा बाईंनी गावातल्या गावात फिरवला. एखाद्या मुरब्बी व्यापाऱ्याने करावी तशीच ही युक्ती होती.

महेश्वरी लुगड्याचे वैशिष्ट्य त्याच्या साधेपणात आहे. अंग बारीक सुताचे, साधे किंवा रेघांचे व चौकड्यांचे. पुढे रेशमी ताणा आणि सुती बाणा अशीही चाल पडली. काठ असा विणतात की दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्यात आणि लुगडे कोणत्याही बाजूने नेसता यावे. पदरावर पाच पट्टे. काठावरची नक्षी कोठून आली हे पाहावयाचे तर घाटावर उभे राहावे: विटांची रांग, चटाईची वीण, पाण्याची लाट. देवळाच्या आणि किल्ल्याच्या भिंतींवर पाथरवटाने जे कोरले तेच विणकराने काठात उतरवले. म्हणजे देवालयाचे बांधकाम आणि गावचा धंदा या दोन गोष्टी तेथे वेगळ्या राहिल्याच नाहीत.

पण माग आणून बसवणे हे काम त्या मानाने सोपे. कारागीर आणि सावकार टिकून राहतात ते भरवशावर. तो काळ कसा होता हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याच्याजवळ फौज त्याच्या हाती नांगर, माग आणि तिजोरी असे दिवस होते. सावकार निपुत्रिक मेला की त्याच्या दौलतीवर सरकारची नजर जात असे. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या पश्चात माळव्यातील वृद्ध माणसांकडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात छापल्या. त्यांत इंदूरची एक हकिगत आहे. इंदूर तेव्हा खेड्याचे व्यापारी शहर होऊ लागले होते. तेथला एक धनिक सावकार मूलबाळ नसता वारला. तुकोजीरावांची फौज शहराजवळ उतरली होती, आणि काही मतलबी माणसांच्या सांगण्यावरून त्या संपत्तीत वाटा घेण्याचा त्यांचा विचार झाला. सावकाराची विधवा तडक महेश्वरास गेली. बाईंनी तिचे ऐकून घेतले, सन्मानाची वस्त्रे देऊन घराची व मालमत्तेची मालकीण म्हणून तिला कायम केले, आणि तुकोजीरावांस हुकूम धाडला की फौज इंदुरापासून दूर हलवावी, शहरास उपद्रव देऊ नये. तुकोजीरावांनी तो पाळला. त्या एका हुकमाने इंदूरच्या पेठेस जे मिळाले ते दहा बाजार भरवून मिळाले नसते.

खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवांची हकिगतही अशीच. त्यांनी आपली संपत्ती बाईंच्या चरणी ठेवू केली. बाईंनी ती घेतली नाही, लोकोपयोगी कामी लावण्यास सांगितले. तो पैसा नदीचा घाट आणि गणपतीचे देऊळ या रूपाने गावातच राहिला.

व्यापारी मालाची वाट डोंगरातून जाई आणि तेथे भिल्लांची लूट होई. बाईंनी आधी समजुतीने आणि मग कडक शिक्षेने पाहिले. अखेरीस त्यांच्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर एक क्षुल्लक पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. तिला भीलकवडी म्हणत. त्याबरोबर पडीक जमीन कसण्यास दिली, आणि त्या बदल्यात वाटेच्या राखणीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटणारे हात राखणीला लागले.

कारभारी माणसेही बाई वरचेवर बदलत नसत. गोविंदपंत गानू वर्षानुवर्षे त्यांचे दिवाण राहिले; इंदूरच्या कमाविसदारीवर खंडेराव नावाचे गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ होते. आज आलेला अंमलदार उद्या जाणार नाही, आणि म्हणून आजच सर्व वसूल करून घेणार नाही, हे रयतेला ठाऊक असे. स्वतः बाई पहाटे उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आटोपत आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत उघड्या दरबारात बसत. गोषा नव्हता. कोणीही यावे आणि सांगावे.

खर्चाच्या बाबतीत मात्र त्या फार काटेकोर होत्या. होळकरांच्या घरात खासगीची मिळकत निराळी होती. १७३४ साली पेशव्यांनी ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस लावून दिली होती. देशभरची देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च बाईंनी याच खासगीतून केला. दौलतीच्या तिजोरीवर त्याचा बोजा टाकला नाही. येथेच तुकोजीरावांशी त्यांचे खटके उडत. तुकोजीरावांस स्वारीसाठी सदैव पैसा पाहिजे असे, आणि बाई हिशेबावाचून पैसा सोडीत नसत. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे होळकरांच्या फौजेचा मोड झाला. बाईंनी देवधर्मावर जितके खर्चले त्यातील काही नव्या पद्धतीच्या फौजेवर खर्चले असते तर हा प्रसंग टळता, असे म्हणणारे इतिहासकार आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बाईंना शस्त्राचे महत्त्व कळत नव्हते असेही नाही. सासऱ्याच्या तोफांची तजवीज त्यांनीच केली होती. पण फौजेत घातलेला पैसा एका मोसमात जळून जातो हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यांनी आपली निवड केली. त्या निवडीची किंमत होळकरांच्या फौजेने मोजली हेही खरे.

घरच्या दुःखांनी शेवटपर्यंत पाठ सोडली नाही. नातू नथोबा तरुणपणी गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. बाईंनी तिला थांबवण्याचा प्रयत्न केला. ज्या शब्दांनी मल्हाररावांनी एके काळी त्यांना मागे फिरवले होते ते शब्द येथे उपयोगी पडले नाहीत. नर्मदेकाठी त्यांनी त्यांचे स्मारक उभारले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर जे घडावयाचे ते घडले. दौलतीत भाऊबंदकी माजली, इंग्रजांशी युद्धे झाली, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास गेली. महेश्वरचा दरबार उठला. आहेराची मागणी आटली. पुढे गिरण्यांचे स्वस्त कापड आले. खुद्द इंदुरातही कापडगिरण्या निघाल्या. मागावाल्यांना फार वाईट दिवस आले, कित्येकांनी धंदा सोडला. पण गाव उठले नाही. बापाचा धोटा मुलाच्या हाती जात राहिला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी महेश्वरात रेवा सोसायटी ही संस्था काढली. जे माग उरले होते त्यांच्यावर नवे रंग, नवे सूत आणि शहरातील बाजार यांची सोय झाली. गावातील स्त्रियाही मागावर बसू लागल्या. आज महेश्वरी साडी मुंबई-पुण्याच्या दुकानांत मिळते आणि परदेशातही जाते. किल्ल्यावर बाईंच्या वाड्यात मातीची शिवलिंगे करून पूजा करण्याचा त्यांच्या वेळचा प्रघात अजून चालू आहे, आणि त्याच किल्ल्याच्या आवारात मागाचा खडखडाट ऐकू येतो.