ऑलिव्हर हेविसाइड

दिवसा मीडियम वेव्हवर न लागणारी दूरची केंद्रे रात्री खणखणीत ऐकू येतात. त्यामागचा आकाशातला थर ज्यांनी कागदावर ओळखला, ते हेविसाइड शाळेत फक्त सोळाव्या वर्षापर्यंत होते!

१८५० मध्ये लंडनला जन्म. गरिबी, त्यात बालपणच्या तापाने कान अधू. तारयंत्रावरची नोकरी त्यांनी १८७४ मध्ये सोडली, ती कायमचीच. गणित घरीच शिकले. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या खतावणीत हा माणूस सदैव तोट्यात.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनींचा बिनतारी संदेश अटलांटिकपार गेला. सरळ जाणारी लहर पृथ्वीच्या गोलाईवरून वळली कशी? वर विद्युत्‌वाहक थर असावा, असे हेविसाइड यांनी १९०२ मध्ये सुचविले. अमेरिकेत केनेलींनीही त्याच वर्षी. सूर्यकिरणांनी तेथील हवेतले इलेक्ट्रॉन सुटतात व लहरी परत खाली वळतात. दिवसा त्याखालचा दुसरा थर मीडियम वेव्ह गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि वाट मोकळी होते.

पुरावा मिळाला डिसेंबर १९२४ मध्ये. बोर्नमथहून सुटलेल्या लहरी अ‍ॅपल्टन व बार्नेट यांनी ऑक्सफर्डला तपासल्या. टॉर्कीला एकटे राहणारे हेविसाइड ३ फेब्रुवारी १९२५ रोजी वारले. १९४७ चे नोबेल अ‍ॅपल्टन यांना मिळाले.