नागनिका : पावलांवरून ओळखायची राणी

मैत्रिणींनो, परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेडला आपण ज्या गोदावरीला गंगा म्हणतो, तिच्याच काठी वरच्या अंगाला पैठण आहे. तेव्हाचं प्रतिष्ठान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे सातवाहनांचं राज्य होतं आणि त्या घराण्यात नागनिका नावाची राणी होऊन गेली. इतिहासाच्या पुस्तकात तिचं नाव येतं, पण एखाद्या ओळीपुरतंच!

तिची माहिती मिळते ती जुन्नरजवळच्या नाणेघाटात. कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापाऱ्यांची ही वाट. घाटमाथ्यावर एक लेणं आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. राजा सातकर्णीच्या शेजारी नागनिकाही होती. आज मूर्ती राहिल्या नाहीत, उरल्यात फक्त पावलांच्या खुणा. पण वर कोरलेली नावं मात्र टिकली. राजाच्या जोडीने राणीचंही!

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. बराचसा झिजलाय, मध्येमध्ये तुटलाय. तरी त्यातून एक बाई उभी राहते. ती महारठी घराण्यातली लेक, वेदिसिरी आणि सतिसिरी या मुलांची आई. महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनच तपस्विनीसारखी जगणारी. यावरून हा लेख तिच्या वैधव्यातला असावा आणि मुलं लहान असल्याने कारभार तिनेच सांभाळला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढे यज्ञांची आणि दानाची यादी आहे. दोन अश्वमेध, एक राजसूय. गाई, घोडे, हत्ती, गावं, नाणी. एका यज्ञाची दक्षिणा तर ११,००० गाई आणि १,००० घोडे! हे सगळे आकडे दगडावर चिन्हांनी कोरलेत. आपल्या देशातल्या अगदी जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. हे यज्ञ तिने स्वतः केले की पतीबरोबर, यावर मात्र पंडितांचं अजून एकमत नाही.

आणखी एक पुरावा आहे, चांदीचं नाणं. त्यावर सातकर्णीबरोबर नागनिकेचंही नाव आहे. नाणं बाजारात हातोहाती फिरतं. म्हणजे राणीचं नाव राजवाड्यात कोंडलेलं नव्हतं.

बस, एवढंच. ती दिसायला कशी होती, गेली कधी, काहीच कळत नाही. पण घराण्याचा हिशेब तिने दगडावर लिहून ठेवला, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. आजही कितीतरी घरांत सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं. राबते ती, नाव दुसऱ्याचं. तेव्हा मैत्रिणींनो, नाणेघाटात कधी गेलात तर त्या पावलांपाशी जरा थांबा. आणि घरी आल्यावर एकदा कागद काढून बघा, आपलं नाव कुठे कुठे लिहिलंय ते!