पहिल्यांदा काहीच होत नाही!

वर्षभर दर तीन-चार आठवड्यांनी जेल नेलपॉलिश लावणाऱ्या एखादीच्या बोटांची टोके एके दिवशी खाजू लागतात. नखांच्या कडेची कातडी लाल होते, सोलते, तिला बारीक भेगा पडतात. काहींची नखे टोकाकडून सुटू लागतात. कधी तर बोटांपेक्षा पापण्याच जास्त सुजतात, कारण आपला हात दिवसातून किती वेळा चेहऱ्याकडे जातो याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. बाटली तीच, पार्लर तेच, मग आताच हे का? बहुतेकींचा निष्कर्ष ठरलेला असतो: नेलपॉलिशचे काही नसणार, ते तर वर्षभर लावते आहे; परवा साबण बदलला, त्याचेच असेल.

हा निष्कर्ष कुठे चुकतो, याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी शोधले. त्यांचा नखांशी किंवा सौंदर्यप्रसाधनांशी काही संबंध नव्हता. त्यांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के. आपण रोज उठता-बसता वापरतो तो ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यांनीच घडवला.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन येथे एका सरदार घराण्यात झाला. (त्यांचे धाकटे भाऊ गुइडो पुढे अग्निबाणांच्या आणि अंतराळप्रवासाच्या गणितात रमले. एकाच घरातून एक भाऊ आकाशाकडे गेला आणि दुसरा तान्ह्या मुलांच्या दंडाकडे!) क्लेमेन्स यांनी मात्र सुरुवात केली ती धर्मशास्त्रापासून. इन्सब्रुकला धर्मशास्त्र, मग बेल्जियममध्ये लुव्हेनला तत्त्वज्ञान असा त्यांचा प्रवास झाला. विशीत त्यांनी वाट बदलली आणि वैद्यकशास्त्र घेतले. १९०० मध्ये ते ग्राझ विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात दाखल झाले. लवकरच तिथे प्रमुख म्हणून थिओडोर एशेरिश आले. ‘ई. कोलाय’ या जिवाणूच्या नावातला ‘ई’ तो याच एशेरिश यांचा.

ते दिवस घटसर्पाचे होते. या रोगावर नवे औषध हाती आले होते. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार झाले की रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, काढून आजारी मुलाला द्यायचे. घुसमटून मरणारी मुले यामुळे वाचू लागली. लोहितज्वरावरही असेच एक सीरम सेंट ॲनामध्ये दिले जात होते. पण बऱ्या होऊ लागलेल्या काही मुलांना आठ ते बारा दिवसांनी ताप यायचा, अंगावर पित्त उठावे तशा गांधी उठायच्या, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या. डॉक्टरांना हे माहीत होते. घोड्याच्या रक्तातच काहीतरी त्रासदायक असणार, असे म्हणून ते पुढे जात.

पिर्के आणि त्यांचे हंगेरियन सहकारी बेला शिक मात्र दिवस मोजत बसले. कोणत्या मुलाला कधी सीरम दिले, लक्षणे कितव्या दिवशी दिसली, दुसऱ्यांदा दिले तेव्हा कितव्या दिवशी. या वहीतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. पहिल्यांदा सीरम घेतलेल्या मुलाला त्रास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागत होता. पण काही आठवड्यांनी त्याच मुलाला पुन्हा सीरम दिले, तर तोच त्रास त्याच दिवशी, कधी काही तासांतच सुरू होत होता. सीरम तेच, घोडाही तसाच. बदलले होते ते मूल.

त्या काळी रोगाची लागण आणि लक्षणे यांच्यात जे दिवस जातात, ते जंतूंना वाढायला लागतात असे मानले जाई. पिर्के यांनी विचारले की सीरममध्ये तर जंतूच नाहीत, मग इथे कोण वाढत आहे? त्यांचे उत्तर होते की हे दिवस शरीराला लागतात. परक्या पदार्थाची ओळख पटवायला, त्याच्याविरुद्ध तयारी करायला. एकदा तयारी झाली की दुसऱ्या वेळी वाट पाहावी लागत नाही. म्हणजे आजाराची लक्षणे ही नुसती बाहेरच्या पदार्थाची करणी नव्हे. निम्मा वाटा आपल्या शरीराचा असतो. हे तेव्हा इतके धाडसाचे वाटले असणार, की १९०३ मध्ये या कल्पनेचे टिपण त्यांनी बंद लिफाफ्यात घालून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवायला दिले. १९०५ मध्ये शिक यांच्यासह ‘सीरमचा आजार’ या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि १९०६ मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात छोटासा लेख. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्या लेखात प्रथम आला. ग्रीकमधले ‘ॲलोस’ म्हणजे वेगळे आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य यांतून बनलेला. अर्थ एवढाच: एकदा संबंध आल्यावर शरीराची बदललेली वागणूक. ती वागणूक फायद्याची असो की तोट्याची. आज आपण हा शब्द ‘मला गणिताची ॲलर्जी आहे’ इथपर्यंत ताणला आहे, पण त्यातला ‘एकदा संबंध आल्यावर’ हा भाग गळून गेला. नेलपॉलिश वापरणारीला नेमका तोच हवा असतो.

पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, पिर्के यांनी हा विचार क्षयरोगाला लावला. मुलाच्या हातावर बारीक ओरखडा काढायचा आणि त्यावर ट्यूबरक्युलिनचा, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या द्रवाचा थेंब ठेवायचा. शरीराची क्षयजंतूशी आधी गाठ पडली असेल, तर एक-दोन दिवसांनी तिथे लाल फुगवटा येतो. नसेल तर काहीच होत नाही. वरवर धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी मुलांच्या हातावर तो फुगवटा आला. १९०८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी ओरखड्याऐवजी कातडीत सुई टोचण्याची पद्धत आणली. आपल्याकडे टीबीच्या संशयावरून हातावर करतात आणि दोन-तीन दिवसांनी दाखवायला बोलावतात ती ‘मॉन्टू टेस्ट’ ही तीच, पिर्के यांच्या ओरखड्याची धाकटी बहीण.

आता जेलकडे येऊ. शेंगदाण्याने किंवा कोळंबीने काही मिनिटांत उठणारे पित्त वेगळे आणि जेलची ॲलर्जी वेगळी. जेलची प्रतिक्रिया त्या लाल फुगवट्याच्या जातीची आहे: रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी लक्षात ठेवलेली आणि एक-दोन दिवस उशिरा येणारी. म्हणूनच शनिवारी लावलेल्या नेलपॉलिशवर सोमवारी कोणाचा संशय जात नाही. आणि सुरुवातीचे कित्येक महिने, काही जणींच्या बाबतीत वर्षे, वरून काहीच दिसत नाही.

साधे नेलपॉलिश वाळते. त्यातला द्रावक उडून जातो आणि रंग उरतो. जेल वाळत नाही. त्यात मेथॅक्रिलेट गटातले छोटे छोटे रेणू सुटे असतात. त्यातला सर्वांत बदनाम आहे ‘हेमा’. दिव्याचा अतिनील किंवा त्याला लागून असलेला जांभळा प्रकाश, साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा, जेलमधल्या एका रसायनाला जागे करतो आणि मग हे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून लांबलचक जाळे विणतात. जाळे मोठे असते, ते कातडीत शिरू शकत नाही. सुटा रेणू शिरतो. सगळा धोका सुट्यांचा आहे.

सुटे कसे उरतात? थर जाड दिला तर वरचा भाग कडक होतो आणि खालचा ओलाच राहतो. गडद रंग प्रकाश अडवतो. अंगठा दिव्याखाली तिरका पडतो. दिवा जुना झाला किंवा एका कंपनीचे जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा दिवा अशी जोडी जमवली, तर वेळ पूर्ण भरूनही काम अर्धेच होते. वाईट म्हणजे हात लावून ते कळत नाही. अर्धवट जुळलेले जेलही कडकच लागते. म्हणून त्याच कंपनीचा दिवा, पातळ थर, प्रत्येक थराला सांगितलेला पूर्ण वेळ आणि अंगठे वेगळे, सरळ धरून. हवेतल्या प्राणवायूमुळे वरचा थर बऱ्याचदा चिकट राहतो. तो चिकटपणा म्हणजे न जुळलेले रेणूच; तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना बोळा कातडीवर फिरवू नये. जेल कानशीने घासताना उडणारी धूळही झटकून, धुऊन टाकावी.

पण दिव्यापेक्षा मोठी चूक ब्रशची असते, असे मला वाटते. नखाच्या मुळाशी कातडीवर जेल ओघळले, की पुढचे सगळे नियम पाळूनही उपयोग नाही. नख आणि कातडी यांच्यात केसभर जागा सोडावी आणि ओघळ आलाच तर दिव्याखाली हात घालण्याआधी लाकडी काडीने काढावा. घरी, स्वतःच्या डाव्या हाताने उजव्या हाताची नखे रंगवताना हे किती जमते, ते करून पाहिलेल्यांनाच माहीत! युरोपीय संघाने हेमा असलेली नखांची उत्पादने फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असे बंधन घातले आहे, ते याचसाठी. बाटलीवर ‘हेमा-फ्री’ लिहिलेले असले तरी हेमाची भावंडे आत असू शकतात. सर्वांत जास्त जोखीम मात्र पार्लरमध्ये दिवसभर हे काम करणाऱ्या मुलींना आहे, कारण हातमोज्यांच्या पातळ रबरातूनही हे रेणू काही मिनिटांत पार होतात. मोजे घालावेत, पण वारंवार बदलावेत, आणि जेल लागला तर लगेच.

एकदा शरीराने ही ओळख पटवली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. आणि त्याच घराण्यातली रसायने दातांच्या पांढऱ्या फिलिंगमध्ये, गुडघा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये, मधुमेहींच्या दंडावर चिकटवायच्या साखर मोजणाऱ्या चकतीच्या गोंदात असतात. दर वेळी त्रास होईलच असे नाही, पण दंतवैद्याला आणि शल्यचिकित्सकाला आधी सांगायला हवे. त्यासाठी निदान पक्के हवे. ते ‘पॅच टेस्ट’ने होते. ही चाचणी योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ मध्ये जगापुढे मांडली, तीही पिर्के पुढे जिथे डॉक्टर झाले त्या ग्राझ शहरातल्याच परिषदेत. संशयित पदार्थ अगदी सौम्य प्रमाणात पाठीवर ४८ तास चिकटवतात, काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. केसांच्या कलपाची करतात तशी घरगुती चाचणी, कोपराच्या खळग्यात थेंबभर जेल लावून, मात्र कधीही करू नये. न जुळलेले जेल कातडीवर ठेवणे हाच तर ॲलर्जी जडण्याचा मार्ग आहे.

पिर्के ३५ वर्षांचे होण्याच्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगाचे प्राध्यापक झाले, पण रमले नाहीत. ब्रेस्लाऊमार्गे १९११ मध्ये एशेरिश यांच्या जागी व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर ते शहर उपाशी होते. अमेरिकी मदतीतून लाखो ऑस्ट्रियन मुलांना रोजचे जेवण मिळू लागले, त्याची व्यवस्था पिर्के यांनी लावली. दिवस मोजणारा हा माणूस आता दूध मोजू लागला. एक ग्रॅम दुधातले पोषण हे एकक धरून त्यांनी भाकरीपासून लोण्यापर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडला आणि कोणत्या मुलाला किती द्यायचे ते त्याच्या बसल्या उंचीवरून ठरवले. ही पद्धत पुढे टिकली नाही, मुले टिकली. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण जवळच्याच विषयावरचे १९१३ चे नोबेल फ्रान्सच्या रिशे यांना मिळाले. पिर्के यांना ते कधीच लाभले नाही. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव चर्चेत होते.

२८ फेब्रुवारी १९२९ रोजी पिर्के आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी एकत्रच आपले आयुष्य संपवले. ते तेव्हा ५४ वर्षांचे होते. शिक त्याआधीच न्यूयॉर्कला गेले होते. घटसर्पासाठीची त्यांच्या नावाची त्वचेवरची चाचणी तोवर जगभर वापरात होती. दोघांनी मिळून लिहिलेले १९०५ चे ते पुस्तक इंग्रजीत यायला १९५१ साल उजाडले. भाषांतर शिक यांनीच केले.