पुस्तक हिट, खिसा मात्र रिकामा: डिकन्सचं चुकलेलं गणित

स्वतःची कादंबरी ई-बुक म्हणून काढताना 'पब्लिश'चं बटण दाबणं हा सगळ्यात सोपा भाग. डोकं खातात ते दोन प्रश्न: किंमत किती ठेवू आणि फाइल कशी बनवू? मला कुणी हे विचारलं की मी आधी चार्ल्स डिकन्सची गोष्ट सांगतो.

डिकन्सचा जन्म १८१२ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. तो बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि या पोराला बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवावी लागली. पुढे १८३६ पासून त्याची 'पिकविक पेपर्स' दर महिन्याला एक शिलिंगाच्या भागांत निघाली आणि तो स्टार झाला.

१८४३ मध्ये मात्र चालू कादंबरीचा खप घसरला होता. घरी पाचवं मूल येणार होतं. त्याने साधारण सहा आठवड्यांत 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कादंबरी लिहिली आणि छपाईचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला. प्रकाशकाला फक्त कमिशन. म्हणजे आपल्या भाषेत जवळपास सेल्फ-पब्लिशिंगच!

आता फॉरमॅट बघा. लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चार चित्रं. आतले हिरवे कागद आवडले नाहीत म्हणून बदलून पिवळे केले. एवढं सगळं करून किंमत फक्त पाच शिलिंग, कारण पुस्तक जास्तीत जास्त लोकांनी घ्यावं ही इच्छा. तरी गरिबाला ते महागच होतं. त्याच गोष्टीतल्या कारकुनाचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग आहे!

१९ डिसेंबरला पुस्तक आलं. ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. डिकन्सला हजार पौंडांची आशा होती, हातात आले २३० च्या आसपास. हिशोब करा: एका प्रतीमागे एक शिलिंगसुद्धा नाही. त्यात लगेच पायरेटेड आवृत्ती निघाली. तो कोर्टात जिंकला, पण समोरच्याने दिवाळं काढलं आणि खर्चाचे सुमारे ७०० पौंड यालाच भरावे लागले.

१८४७ मध्ये त्याने आपल्या जुन्या पुस्तकांची स्वस्त आवृत्ती सुरू केली. बारीक टाइप, पानावर दोन कॉलम, दर आठवड्याला दीड पेनीचा एक भाग. इथे किंमत आणि फॉरमॅट एकमेकांना धरून होते. १८७० मध्ये तो गेला, तोवर त्याची पुस्तकं सामान्य घरांत पोचली होती.

ई-बुकला सोनेरी कडा नसतात, पण जड फोटो असतात. काही ठिकाणी फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरी खर्च रॉयल्टीतून कापला जातो. म्हणून कादंबरी साध्या ईपबमध्ये ठेवा, म्हणजे मोबाइलवर अक्षर लहानमोठं करता येतं. फोटो हलके करा. आणि किंमत टाकण्याआधी एका प्रतीमागे हातात काय उरतं, ते कॅल्क्युलेटरवर मांडून बघा.