हिशेबनीस लिओ फेंडर

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या ऑर्केस्ट्राची जी फजिती झाली ती वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र बास गिटार वाजवीत होता आणि ध्वनियंत्रणा माझ्याकडे होती. आवाज भरदार यावा म्हणून मी एकाऐवजी दोन स्पीकरच्या पेट्या आणल्या, शेजारी शेजारी मांडल्या, आणि बास जवळजवळ नाहीसाच झाला. मित्राची बोटे तारांवर हलताना दिसत होती, ऐकू मात्र काही येईना. पुढच्या रांगेत त्याचे आईवडील बसले होते, हे मला अजून टोचते.

मागाहून कळले की एका पेटीच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेई. जमा आणि नावे सारखे झाले की शिल्लक शून्य, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागू नये. पण मला ते उमगायला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत पेट्यांविषयी जे जे वाचले त्यात एक नाव पुन:पुन्हा भेटत गेले. लिओ फेंडर. गिटार वाजवणाऱ्यांना ते ठाऊक असतेच. मला आश्चर्य वाटले ते याचे की हा गृहस्थ आपल्याच शाखेचा होता. त्याने शिक्षण घेतले हिशेबशास्त्राचे, नोकऱ्या केल्या हिशेबनिसाच्या, आणि ज्याच्या गिटारी जगभर गाजल्या त्याला स्वत:ला गिटार वाजवता येत नव्हती.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला व काचेचा डोळा बसवावा लागला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या मामाने, की काकाने, (इंग्रजीत नाते कळायची सोय नाही!) त्याला जुन्या रेडिओचे भाग पाठवले आणि पोराला रेडिओचे वेड लागले. पण रीतसर शिक्षण त्याने त्याचे घेतलेच नाही. पोटापाण्यासाठी हिशेब, आवडीसाठी रेडिओ, अशी वाटणी त्याने केली होती. आपल्यापैकी किती जण हेच करीत आहेत!

पण पुढे मंदी आली. महामार्ग खात्यातली नोकरी गेली. नंतर एका टायर कंपनीतले हिशेबाचे कामही गेले. बायको घरात, हाती काम नाही. हे वाचताना मी क्षणभर थांबलो, कारण हिशेब येणाऱ्याची भाकरी कधी जात नाही असे आमच्या घरी सांगतात. १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून लिओने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तिथे वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. लिओ त्यांच्या तक्रारी ऐकून घेई. ऐकणे हाच त्याचा अभ्यासक्रम झाला. डॉक कॉफमन याच्याशी केलेली भागीदारी १९४६ मध्ये संपली आणि मग त्याच्या स्वत:च्या नावाची कंपनी सुरू झाली.

त्या काळी बास म्हणजे माणसाहून उंच, उभे धरून वाजवायचे लाकडी धूड. प्रवासात ते अडचणीचे, आणि ड्रम व विजेच्या गिटारींपुढे ऐकूही येत नसे. १९५१ मध्ये लिओने ‘प्रिसिजन बास’ काढली. पट्ट्या बसवल्यामुळे बोट ठेवले की सूर नेमका लागे, म्हणून ते नाव. पण खरी अडचण पुढेच होती. बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि तिची एक लहर आठ मीटरहून लांब. एवढी लहर उठवायला पुष्कळ हवा हलवावी लागते. गिटारच्या साध्या पेटीला ते ओझे झेपेना. म्हणून १९५२ मध्ये त्याने खास बाससाठी ‘बासमन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढला. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. दोनतीन वर्षांत लिओने तो बदलून दहा इंची चार बसवले. हिशेब करून पाहा: पंधराचा वर्ग २२५, दहाचा वर्ग १००, चौपट केला की ४००. म्हणजे हवा ढकलणारे क्षेत्र पावणेदोन पटींहून थोडे जास्त, आणि भार चौघांत वाटलेला.

तरीही त्या पेटीत उणीव होतीच. ती मागून उघडी होती. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, आणि खालच्या सुरांच्या लांबलचक लहरी पेटीला वळसा घालून पुढच्या लहरींना खाऊन टाकतात. माझीच चूक, एकाच पेटीत! गिटारवाल्यांना मात्र हीच बासमन फार आवडली. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात तिच्याच मंडलावरून नवा ॲम्प्लिफायर तयार झाला. तोवर लिओने बाससाठी ॲम्प्लिफायर वेगळा आणि स्पीकरची पेटी बंद, अशी जोडी बाजारात आणली होती.

त्यानंतर त्याच्या आयुष्यात आला तो प्रसंग मला चटका लावून गेला. जंतुसंसर्गाचे जुने दुखणे बरे होईना. आपण फार दिवस जगत नाही, असे त्याला वाटू लागले. १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकून टाकली. नंतर दुसऱ्या डॉक्टरने औषध बदलले आणि लिओ बरा झाला! ताळेबंद बिनचूक, पण आयुष्याचा अंदाज सव्वीस वर्षांनी चुकला. स्वत:च्या नावाची गिटार आता दुसऱ्याची होती. तो पुन्हा म्युझिक मॅन आणि मग जी अँड एल या कंपन्यांतून गिटारी घडवू लागला. हात कंप पावू लागले तरी कारखान्यात जाणे त्याने सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला.

यंदाच्या संमेलनासाठी मी दोन्ही पेट्यांच्या वायरी आधी घरी तपासल्या. पेट्या शेजारी न ठेवता एकीवर एक ठेवल्या, कारण शेजारी ठेवल्या की सभागृहात कुठे आवाज उठतो, कुठे बसतो. शिवाय वरची पेटी वाजवणाऱ्याच्या कानाजवळ येते. मागच्या भिंतीपासून दोन मीटरवर ठेवणे टाळले. तेवढ्या अंतरावरून परतलेली लहर नेमका खालचा सूर मारते. पेट्या भिंतीला जवळजवळ टेकवल्या. आवाज कसा आला ते माझ्या मित्राला विचारा. पण कन्नडमध्ये विचारा. मराठीत तो माझी भीड ठेवून बोलतो.